समुद्रातली रंगीत गोगलगाय कशी ओळखायची?



पावसाळ्यात आपल्या शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर काळ्या, चपट्या, चिकट शेंबड्या चढतात. त्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पाठीवर मधोमध एक फिकट रेघ असते आणि काडी लावली की अंग आखडून घेतात. कात्रजच्या घाटावरून ढग खाली उतरले आणि दोन दिवस झिमझिम लागली, की त्या मोरीत, पायरीवर, कुंडीखाली, कुठेही सापडतात. घरी आई लगेच म्हणते, "शी! आधी बाहेर टाक ते." शेंबडी म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. तिचे कौतुक कोणालाच नाही.

पण तिच्याच नात्यातले प्राणी समुद्रात राहतात आणि ते बघत बसावे असे असतात. कोणी हळदीसारखी पिवळी, कोणी पिकल्या जांभळाच्या रंगाची, कोणाच्या दुधी अंगावर लाल ठिपके, तर कोणाच्या निळ्या अंगाला केशरी काठ, अगदी लुगड्याला असतो तसा! यांना समुद्री गोगलगाय म्हणतात. यंदा आपली सहल हरिहरेश्वरला न्यायची असे बोलणे चालू आहे. तिथल्या खडकांत ही दिसू शकते. म्हणून ती कशी ओळखायची आणि ओळखल्यावर तिच्याशी कसे वागायचे ते लिहीत आहे.

गोगलगाय, शिंपले, कालवे, माकूळ हे सगळे मृदुकाय प्राणी. मृदुकाय म्हणजे मऊ अंगाचे, हाडे नसलेले. बहुतेकांनी अंग झाकायला शंख किंवा शिंपला केलेला असतो. समुद्री गोगलगाईची गंमत अशी की अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिलाही इवलासा शंख असतो. ते पिल्लू काही दिवस पाण्यात तरंगते, मग योग्य जागा मिळाली की तळाला बसते आणि शंख टाकून देते. बाकीचे आयुष्य उघड्या अंगाने. आयुष्य तरी केवढे? बहुतेकींचे काही महिने, फार तर वर्षभर.

आता कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. शेंबडीवर मीठ टाकले की तिच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि ती मरते. मग समुद्रातली गोगलगाय एवढ्या खाऱ्या पाण्यात कशी जगते? मी हा प्रश्न बाईंना विचारला होता. उत्तर असे की तिच्या अंगातला रस समुद्राच्या पाण्याइतकाच खारट असतो. आतही तेवढेच मीठ आणि बाहेरही तेवढेच, त्यामुळे पाणी कुठेच ओढले जात नाही. तिला मारायला मीठ लागत नाही, उलट आपले नळाचे गोडे पाणी पुरते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एवढ्या मऊ, हळू चालणाऱ्या, बिनशंखाच्या प्राण्याला मासे खाऊन का टाकत नाहीत? तर तिने दुसरी सोय केलेली असते. काही जाती स्पंज खातात. स्पंज हा समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहणारा प्राणी आहे. तो पळू शकत नाही म्हणून अंगात कडू, विषारी द्रव्ये ठेवतो. गोगलगाय तो स्पंज खाते आणि ती द्रव्ये स्वतःच्या कातडीत साठवते. एखाद्या माशाने तिला तोंडात घेतले तर तो थुंकून टाकतो. पुन्हा तो रंग दिसला की वाटेला जात नाही. गांधीलमाशीचे पिवळे-काळे पट्टे बघून आपण नाही का मागे सरत? तसेच हे. आणि बिचारीला स्वतःचे रंग दिसत नाहीत! तिचे डोळे कातडीच्या आत लहान ठिपक्यासारखे असतात. त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.

आता ओळखायचे कसे? तुम्ही म्हणाल, सोपे आहे, रंग बघायचा. मी उलटे सांगते. रंग शेवटी बघायचा.

याला कारणे आहेत. एकाच जातीच्या गोगलगाई वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या रंगांच्या असू शकतात. उलट एकाच किनाऱ्यावरच्या दोन निराळ्या जाती जुळ्या बहिणींसारख्या दिसू शकतात, कारण माशांना एकच रंग पाठ करायला लागला तर दोघींचाही फायदा होतो. निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या गोगलगाईंवर ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रंगावर न जाता डीएनए तपासला, तेव्हा रंगावरून केलेल्या ओळखी कितीतरी ठिकाणी चुकीच्या निघाल्या. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची ही गत, तर आपले काय!

दुसरे कारण म्हणजे रंग टिकत नाही. पूर्वी प्राणी सापडला की तो स्पिरिटच्या बाटलीत घालून ठेवत. साप, विंचू असे ठेवलेले तुम्ही पाहिले असतील. समुद्री गोगलगाय स्पिरिटमध्ये घातली की तिचा रंग उडतो आणि ती आक्रसून पांढरट गोळा होते. मग बाटलीवर कितीही सुंदर अक्षरात चिठ्ठी लावा, आत काय होते ते कळणार नाही.

यावरून एक गोष्ट आठवली. वॉल्टर इलियट नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. कित्तूरच्या राणी चेन्नम्मांनी १८२४ साली इंग्रजांशी लढाई केली तेव्हा ज्या दोन अधिकाऱ्यांना पकडून ठेवले होते, त्यांतला एक हा इलियट. पुढे तो आंध्र किनाऱ्यावर विशाखापट्टणमजवळ नोकरीला होता. तिथे त्याने समुद्री गोगलगाई गोळा केल्या. त्याला माहीत होते की रंग उडणार. म्हणून गोगलगाय जिवंत असतानाच तो इथल्या चित्रकाराकडून तिचे रंगीत चित्र काढून घेई आणि मगच ती बाटलीत घाली. चित्रे आणि बाटल्या इंग्लंडला गेल्या. तिथे आल्डर आणि हॅनकॉक या दोघांनी त्या अभ्यासून १८६४ साली त्यांतल्या नव्या जातींची वर्णने छापली. म्हणजे त्यांनी ते प्राणी जिवंत पाहिलेच नव्हते. आपल्याकडच्या एका चित्रकाराच्या हातावर विश्वास ठेवून त्यांनी वर्णने लिहिली. मला या गोष्टीत तो चित्रकारच सगळ्यात आवडतो.

आपल्या महाराष्ट्राच्या वाट्यालाही एक नाव आले आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या एका जातीचे वर्णन रोनाल्ड विंकवर्थ यांनी १९४६ साली केले आणि तिला मुंबईचेच नाव दिले, ग्लॉसोडोरिस बॉम्बेयाना. शास्त्रीय नावात पहिला शब्द आडनावासारखा आणि दुसरा तिचा स्वतःचा. पुढे आडनाव बदलले. २०१२ साली डीएनए पाहून या साऱ्या घराण्याची नवी वाटणी झाली आणि आता तिला गोनिओब्रँकस बॉम्बेयानस म्हणतात. आडनाव बदलले पण मुंबई काही सुटली नाही.

तर मग रंग सोडून बघायचे काय? मी तीन जागा सांगते.

पहिली जागा डोके. डोक्यावर दोन शिंगे असतात. आपल्या शेंबडीच्या शिंगांच्या टोकाला डोळे असतात, पण समुद्री गोगलगाईची शिंगे वास घेण्यासाठी असतात. म्हणजे ते तिचे नाकच म्हणा. ती गुळगुळीत आहेत, की पुस्तकाच्या पानांसारख्या त्यांच्यावर घड्या आहेत, हे बघायचे. हात जवळ नेला की शिंगे आत खेचून घेते का, तेही बघायचे.

दुसरी जागा पाठ, आणि ही सर्वांत महत्त्वाची. काहींच्या पाठीवर मागच्या बाजूला एक फूल उमललेले दिसते. ते फूल म्हणजे तिचे कल्ले. माशाचे कल्ले झाकलेले असतात, हिचे उघडे. म्हणूनच या गटाला न्यूडिब्रँक असे नाव आहे, त्याचा अर्थच उघडे कल्ले. या गटात तीन हजारांच्या वर जाती आहेत. फूल कशाभोवती उमललेले असते ते सांगितले तर तुम्ही हसाल. तिच्या शी करायच्या जागेभोवती! असे फूल दिसले की ती डोरिड. दुसऱ्या काहींना फूल नसते, त्याऐवजी पाठभर उपरण्याच्या दशांसारखी मऊ बोटे असतात. ती एओलिड.

तिसरी जागा तिच्या पोटाखाली, म्हणजे ती कशावर बसली आहे ते. बऱ्याच गोगलगाई खाण्याच्या बाबतीत फार हट्टी असतात. एक जात ठरावीक स्पंजच खाईल, दुसरी ठरावीक हायड्रॉइडच. हायड्रॉइड म्हणजे खडकावर पिसासारखे किंवा झुडपासारखे दिसणारे बारीक प्राणी, हायड्राचे भाऊबंद. डोरिड बऱ्याचदा स्पंजावर सापडते आणि एओलिड हायड्रॉइडवर. ताट बघून पाहुणा ओळखावा तशातली गत.

या तीन जागा पाहून झाल्या की मग रंग. अंगाचा कोणता, काठाचा कोणता, शिंगांचा कोणता आणि फुलाचा कोणता, असे चार वेगळे लिहायचे. नुसते "रंगीबेरंगी" लिहून उपयोग नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आत्याकडे गेले होते. तिचे गाव श्रीवर्धन तालुक्यात. आतोबांनी मला हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर नेले. देवळामागून पायऱ्या उतरून ही वाट समुद्राकाठच्या खडकांतून जाते आणि ओहोटी असली तरच जाता येते. लाटांनी खडकाला जाळीसारखी भोके पाडली आहेत आणि पाणी ओसरले की त्या खळग्यांत ते साठून राहते. एका खळग्यात मला चिंचोक्याएवढा पिवळसर ठिपका दिसला. हात न लावता पाच मिनिटे बसून राहिले. ठिपका सरकला! मग दोन शिंगे दिसली आणि मागून हळूच फूल उघडले. बसली होती नारिंगी स्पंजावर. फूल आणि स्पंज, म्हणजे डोरिड. जवळच खडकावर पांढरी रिबन गोल गुंडाळून चिकटवल्यासारखी होती, उभ्या ठेवलेल्या कुरडईसारखी. ती तिच्या जातीची अंडी. या गोगलगाईंत नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक जण दोन्ही असते, त्यामुळे कोणीही अंडी घालू शकते.

आतोबांनी समुद्रससाही दाखवला. तोही याच नात्यातला, पण मोठा, हाताच्या पंजाएवढा आणि मातकट. शिंगे सशाच्या कानांसारखी. त्याला त्रास दिला की जांभळी शाई सोडतो. दिसायला काही खास नाही, पण याच्या अमेरिकेतल्या भावावर प्रयोग करून एरिक कँडेल यांनी आठवण कशी तयार होते ते शोधले आणि त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. समुद्रसशात मज्जापेशी साधारण वीस हजारच. आपल्या मेंदूत आठ हजार सहाशे कोटी. तरी तो शिकवलेले लक्षात ठेवतो आणि आमच्या वर्गात काहींना आठचा पाढा राहत नाही. (नावे लिहीत नाही.)

सगळ्याच गोगलगाई या दोन खोक्यांत बसत नाहीत. उदाहरणार्थ बोर्नेला स्टेलिफर. ही भारताच्या किनाऱ्यावरही आहे. अंग पांढरट आणि त्यावर केशरी-लाल रेघांची जाळी. पाठीवर एकच फूल नाही आणि साध्या दशाही नाहीत. दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेल्या बोटांच्या जोड्या असतात, बोटांच्या टोकाजवळ केशरी कडे असते आणि कल्ल्यांचे झुबके त्या बोटांच्या आतल्या अंगाला असतात. तोंडाच्या दोन बाजूंना बारीक बोटांचा चांदणीसारखा झुबका असतो. स्टेलिफर म्हणजे चांदणी धारण करणारी. ही हायड्रॉइड खाते. हिची शेवटची खूण म्हणजे तिला उचलून धरणारी लाट आली की ती अंग डावीकडे-उजवीकडे वळवत माशासारखी पोहते. नुसते "पांढरी-केशरी" एवढेच लिहिले असते तर हिच्यातले काय कळले असते?

आता पालकांनी जरूर वाचावे असा भाग.

एओलिड हायड्रॉइड खाते तेव्हा त्यांच्या डंखाच्या सूक्ष्म कुप्याही गिळते. त्या फुटू न देता ती स्वतःच्या दशांच्या टोकात साठवते आणि शत्रूवर वापरते. चोरीचे हत्यार! बहुतेकींचा डंख माणसाला जाणवत नाही. पण एक आहे, ग्लॉकस नावाची, जिला निळा ड्रॅगन म्हणतात. ती खडकावर राहत नाही. पोटात हवेचा बुडबुडा घेऊन भर समुद्रात उताणी तरंगते. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, रंग निळा-चंदेरी आणि दोन्ही बाजूंना पंखांसारखी बोटे. ती निळ्या बाटलीसारखा तरंगणारा विषारी प्राणी खाते आणि त्याचे जहाल डंख साठवते. त्यामुळे तिचा डंख माणसाला चांगलाच लागतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये वादळानंतर चेन्नईच्या किनाऱ्यावर अशा गोगलगाई वाहून आल्या होत्या. तिचे खाद्य असलेले ते निळे प्राणी तर पावसाळ्यात मुंबईच्या जुहूसारख्या किनाऱ्यांवर वाळूत पडलेले असतात. छोट्या निळ्या फुग्यासारखे किंवा निळ्या बटणासारखे दिसतात. वाळूत मेल्यासारखे पडले तरी डंख चालू असतो. म्हणून लहान भावंडांना एवढेच शिकवा, वाळूवर निळे चकचकीत काही दिसले तर उचलायचे नाही.

आणि खडकातल्या गोगलगाईला आपल्यापासून जपायचे. आमच्या वर्गात आत्ताच ठरले आहे की पाण्याच्या बाटलीतून एक आणायची आणि शाळेतल्या काचेच्या पेटीत ठेवायची. मघाशी गोड्या पाण्याचे लिहिले ते आठवा. बाटलीत समुद्राचेच पाणी भरले तरी कात्रजपर्यंत ते तापणार, आणि इथे तिचा तो ठरावीक स्पंज कुठून आणणार? ती उपाशी मरेल. त्यापेक्षा शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढावेत, म्हणजे आकारही कळतो. दगड उलटला तर होता तसाच पुन्हा ठेवायचा. दगडाखालची बाजू हे कित्येकांचे घर असते, उन्हात उलटी राहिली तर सगळे वाळून जातात. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबई या नावाने काही मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना गिरगाव, जुहूच्या किनाऱ्यावर नेऊन हे प्राणी दाखवतात. तीही असेच फोटो काढून नोंदी ठेवतात. इतक्या गर्दीच्या शहराच्या पायाशी हे प्राणी आहेत हे त्यामुळे पुष्कळांना कळले.

आता मुख्य अडचण. हे सर्व ओहोटीलाच दिसते. गेल्या वर्षी आपण अलिबागला गेलो तेव्हा दुपारी पोचलो आणि भरती होती. कुलाब्याचा किल्ला पाण्यात उभा आणि आपण वाळूत उभे! चालत जायला मिळालेच नाही. भेळ खाऊन परत आलो.

भरती केव्हा येणार हे पंचांगावरून काढता येते. आतोबांनी मला रीत शिकवली. तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. येईल ती भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. समजा पंचमी आहे. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. पंचांगात अमावास्येला ३० लिहितात, ते १५ धरायचे. वेळ थोडी मागेपुढे होते, पण कोळी लोक हाच हिशोब बोटांवर करतात.

मी आधी अष्टमी धरून पाहिली. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. पहाटे निघून पोचता येईल, अगदी सोयीचे. पण आतोबा म्हणाले, "अष्टमीला भांग असते. पाणी फार मागे जात नाही, खडक उघडे पडत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास या, उधाणाला जेवढे पाणी वर चढते तेवढेच खाली उतरते."

म्हणून वद्य द्वितीया काढली. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासात-साडेसातला. कात्रजहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वरला गाडीने पाच-सहा तास लागतात. म्हणजे एक तर रात्री एकला निघायचे, नाहीतर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करायचा. आत्याने तिथल्या शाळेत विचारले आहे. दोन वर्गांत सतरंज्या टाकून चाळीस मुले झोपू शकतील, पांघरूण मात्र ज्याने त्याने आणायचे. पालकांनी मुक्कामाला होकार दिला तर तारीख तिथी बघून ठरवता येईल. पंचांग बाईंनी ऑफिसात खिळ्याला अडकवून ठेवले आहे.